विहिरीचा पत्ता या वेळी लिहिलेला नाही

या प्रवासाला नेलेल्या, माझ्या हाताने बनवलेल्या वस्तू अशा:

एक तिपाई. उंची चौदा इंच. तिचे पाय म्हणजे लूममध्ये धोटा फेकणारे लाकडी दांडे, भंगारात निघालेले. एक दुर्बिणीचा स्टँड, सायकलच्या पुढच्या चिमट्याचा. एक आरसाकाठी, म्हणजे अकरा फुटी बांबूच्या टोकाला मोटरसायकलचा आरसा. उंचावरच्या घरट्यात खालून डोकावायला. एक आडोसा: सहा मीटर ग्रे, म्हणजे लूमवरून उतरलेलं कोरं, कापड चहाच्या चोथ्यात आणि बाभळीच्या सालीत रंगवून छत्रीच्या काड्यांवर ताणलेलं. आत दोन माणसं बसतात. त्याची डावी कड उसवलेली आहे, त्याचं कारण पुढे येईल. आणि एक वही, दोनशे चाळीस पानांची, दुहेरी सुताने शिवलेली. तिच्यात चौदा पावसाळे आहेत: तालुक्यातल्या कुठल्या विहिरीवर, कुठल्या झाडावर सुगरण पक्ष्यांची किती घरटी, कुठल्या तारखेला कुठल्या अवस्थेत.

मी जॉबर आहे. बंद पडलेला लूम चालू करणारा माणूस. कारखान्यात मला मास्टर म्हणतात, पण शाळा आठवीपर्यंतच. पक्ष्यांचं जे काही येतं ते रद्दीच्या दुकानातल्या पुस्तकांनी आणि विहिरींच्या काठांनी शिकवलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने दोन दिवस उघडीप दिली. त्याच वेळी अन्सारीभाई जिथे विणतात त्या कारखान्यात वायरिंगचं काम निघालं आणि लूम बंद राहिले. अन्सारीभाई तीस वर्षं कापड विणतायत, त्यातली बावीस मी दुरुस्त केलेल्या लूमवर. त्यांना कधीपासून सुगरण दाखवायची होती. त्यांच्या गावाकडे याला बया म्हणतात. म्हणाले, "बचपन में देखा है, मास्टर. मगर तब हमको बुनना नहीं आता था." एवढ्या कारणावर निघालो.

सकाळी साडेपाचला भिवंडी सोडली. वाड्याचा रस्ता धरला. या रस्त्याबद्दल काय लिहू? खड्डे मोजायला मी सुरुवात केली होती, पहिल्या चार किलोमीटरनंतर सोडलं, कारण खड्डा कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो हेच ठरेना. दुचाकीवाल्यांनी डंपरच्या मागे राहू नये, पाणी भरलेला खड्डा तो उडवतो आणि तुम्ही पुढचं पाहू शकत नाही. पेट्रोल अडीचशेचं टाकलं, दोन दिवस पुरलं. अंबाडी नाक्यावर नाश्ता करा. मिसळ साठ रुपये, चहा दहा. अन्सारीभाईंनी दोन मिसळी खाल्ल्या आणि दोन्ही तिखट नाहीत म्हणून तक्रार केली.

तिथून पुढे कुठे वळलो, ते लिहिणार नाही. दिघाशीच्या अलीकडे की पलीकडे, तेही नाही. मागच्या वर्षीची माझी पोस्ट ज्यांनी वाचली असेल त्यांना हे विचित्र वाटेल. तिच्यात मी सगळं लिहिलं होतं. नाक्यापासूनचं अंतर मीटरमध्ये, पंपाच्या खोलीचा रंग, देवळानंतरचं कितवं वळण. खाली एकेचाळीस जणांनी धन्यवाद दिले होते. एकाने लिहिलं होतं, "इतकं अचूक कोणीच लिहीत नाही." ती ओळ मी घरी दोनदा वाचून दाखवली होती.

पावणेआठला विहिरीपाशी पोचलो. पाण्यावर झुकलेली बाभूळ, भोवती भात. गाडी बंद केली आणि मला कळलं की काहीतरी बिघडलंय. लूम बंद पडला की जॉबरला आधी आवाज जातो तो कळतो, मग कारण. पंधरा दिवसांपूर्वी मी एकटा आलो होतो तेव्हा या झाडावर एकोणीस घरटी होती. चार पूर्ण, बारा अर्धी, तीन नुसत्या कड्या. नरांचा इतका गोंगाट होता की पंपाचा आवाज ऐकू येत नव्हता. आज चार-पाच पक्षी चिरचिरत होते, बस.

दुर्बीण लावली. पूर्ण घरटी चार. अर्धी शून्य. जिथे जिथे अर्धं घरटं होतं तिथे फांदीच कापलेली, धारदार कोयत्याने, तिरकी.

शेत जानकीमावशींचं आहे. साठीच्या आहेत, भात लावतात, उरलेल्या दिवसांत मजुरीला जातात. त्यांच्या पाड्यात हिरवा खोपा तोडत नाहीत. दिवाळीनंतर वाळून खाली पडला तर पोरं खेळायला नेतात, पण हिरव्याला हात नाही, असं त्यांच्या आईपासून चालत आलंय. लावणीतून उरलेली रोपं त्या दरवर्षी विहिरीच्या कडेला खोवतात, पाखरांनी पाती फाडायला म्हणून. अशा बाईच्या शेतात हे कसं झालं?

मी विचारायच्या आधी त्याच म्हणाल्या, "मास्तर, तुमची मान्सं चार दिवसांखाली येऊन गेली."

"माझी माणसं?"

"तुमचीच ना. मोबाइलमदी तुमचा फोटू दावला. ही हीर, हा बाबूल, सगला लिवलेला तुमी. बोलले, मास्तरनी पाठवलाय, अभ्यासाला पायजेत. मी बोलले, हिरवा तोडत न्हाय आमी. तं बोलले, मास्तरला इचारलाय." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "न्हाय पाठवला तुमी?"

मी नाही म्हणालो. त्या घरात गेल्या आणि त्या माणसांनी दिलेलं एक कार्ड घेऊन आल्या. पडघ्याच्या बाजूच्या एका रिसॉर्टचं.

अन्सारीभाई झाडाखाली उभे राहून कापलेली टोकं बघत होते. "अधूरा माल कौन चुराता है, मास्टर? पूरा छोड़ गए, अधूरा ले गए."

हे समजायला सुगरणीचं काम समजायला हवं, आणि इथेच आपल्याकडे लोकांनी जे काही पसरवून ठेवलंय त्याने माझं डोकं उठतं. शाळेच्या भिंतीवर चित्र असतं: मादी घरटं विणतेय, पिल्लं बघतायत. खोटं. विणतो तो नर. पावसाळ्यात त्याचा माथा आणि छाती पिवळी होते. तो भाताच्या पात्याला खाली चोचीने खाच पाडतो, टोक धरून उडतो, आणि पातं सरळ पट्टीत फाटतं. आधी फांदीला गाठ, मग कडी, मग वरून घुमट. घुमटापर्यंत आला की थांबतो. खालून उघडं, मध्ये एक आडवी पट्टी, हेल्मेटसारखं. हे अर्धं घरटं. त्याला उलटा लटकून तो पंख फडफडवतो, ओरडतो, आणि माद्यांची वाट बघतो. मादी येते, आडव्या पट्टीवर बसते, चोचीने पाती ओढून बघते. पटलं तर राहते, मग तो अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी पुरी करतो. नाही पटलं तर उडून जाते. बरेचदा नर ते घरटं स्वतःच तोडून पाडतो आणि पहिल्या गाठीपासून सुरुवात करतो.

अर्धं घरटं म्हणजे टाकून दिलेलं घर नाही. ते एक विचारलेलं लग्न आहे, उत्तर यायचं बाकी. आणि खालून उघडं असल्यामुळे सजावटीला टांगलं की त्यात बल्ब बसतो. म्हणून अधूरा माल.

दुसरी चीड मोबाइलवर फिरणाऱ्या त्या व्हिडिओंची. बिचारा नर राबतो, मादी नखरे करते, खाली हसणारे चेहरे, "बायका अशाच". अरे, मादी ओढून बघत नसती तर नराला विणायला शिकवलं कुणी असतं? जगणं आणि निवडलं जाणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पिवळा रंग मादीला दिसतो तसा शिकरा या शिकारी पक्ष्यालाही दिसतो. जगण्याच्या परीक्षेत तो तोट्याचाच. मोराच्या पिसाऱ्याचंही तेच, त्याने पळता येत नाही. तरी हे सगळं टिकलं, कारण हजारो पिढ्या माद्यांनी ढिलं, फिकं, आळशी नाकारलं. ज्यांची निवड झाली त्यांचीच पोरं पुढे आली, आणि त्या पोरींना आईची नजर मिळाली. नराच्या चोचीतली कारागिरी मादीच्या तपासणीने घडवलेली आहे. भिवंडीत हे कुणालाही सांगा, कळेल. ताका, म्हणजे विणलेल्या कापडाचा तागा, तपासणारा कडक असेल तर विणकर नीट विणतो.

अन्सारीभाई म्हणाले, "मतलब हमारा सेठ मादा है."

माझी स्वतःची घमेंड या माद्यांनी उतरवली आहे. पहिल्या काही वर्षांत मी वहीत प्रत्येक घरट्याच्या विणीला गुण द्यायचो. दहापैकी. आणि नऊ गुणांचं घरटं रिकामं राहायचं, पाचवाल्यात मादी बसायची. मला राग यायचा. हाताच्या कामाची किंमत नाही का? मग हळूहळू दिसलं की पाचवालं बरोबर पाण्यावर होतं, काटेरी फांदीच्या टोकाला, जिथे ना साप पोचतो ना मांजर. वीण ती बघतेच, पण घरटं आहे कुठे, हेही बघते. जागेला गुण द्यायचे मला सुचलेच नव्हते. त्यासाठी सातव्या वर्षी वहीत नवा रकाना आखला.

त्या झाडावर माझा एक ओळखीचा नर होता. दक्षिणेच्या फांदीवर सातव्या जागेवर बांधायचा म्हणून नंबर सात. शेपटीत डावीकडचं एक पीस नाही. पंधरा दिवसांपूर्वी तो माझ्या आडोशावर येऊन बसला, मी आत असताना, आणि डाव्या कडेचं सूत उसवून घेऊन गेला. चार धागे. घुमटाच्या कडेत विणले. आजपर्यंत माझ्या कामाला कुणी एवढा मान दिलेला नाही.

तासाभराने तो दिसला. कापलेल्या टोकापासून वीतभर आत, उरलेल्या फांदीला त्याने नवी गाठ मारली होती. कडी अर्धी झालेली. पण फांदीच तोकडी झाली होती, आता ती पाण्यावर येत नव्हती, काठावर येत होती. खाली माती. आम्ही बसलो असताना दोन माद्या आल्या, पूर्ण घरट्यांभोवती फिरल्या, आणि गेल्या. सातने कडीला लटकून पंख फडफडवले. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ऑगस्ट अर्धा झाला. भात पोटरीला येऊन पिल्लांच्या खाण्याचे दिवस सुरू होतील, तोवर अंडी हवीत. उशीर झाला की त्याचा हा पावसाळा फुकट.

जानकीमावशींनी तांदळाची भाकरी आणि कुर्डूची भाजी वाढली. पैसे विचारले तर रागावल्या. मी त्यांना नराचं सांगत होतो, की एक मादी बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं बांधायला घेतो, दुसरीला बोलावतो, पिल्लांना दाणा घालायचं काम जवळजवळ सगळं तिच्यावर.

"आमच्या पाड्यात बी हाय असा यक," मावशी म्हणाल्या. "पन त्याला यक बी घर बांधता येत न्हाय."

अन्सारीभाईंना हसताना ठसका लागला. मावशी मात्र लगेच गंभीर झाल्या. "मास्तर, त्या रिसाटातून खोपं परत आना. मी चढवते पोराला झाडावर. परत टांगू."

मी त्यांना खरं ते सांगितलं. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की अर्धं घरटं वाऱ्याने फाटलंय. जॉबरची सवय, फाटलं की शिवायचं. शिडी लावून, भाताची पाती घेऊन मी दीड दिवस बसून एक घुमट बंद करून दिला. नर परत आला, चोहीकडून फिरला, आणि गाठीपासून तोडून विहिरीत टाकला. माणसाच्या हातून गेलेलं घरटं त्यांच्या कामाचं नाही.

"मंग आता?"

"आता त्यांचं तेच बांधतील."

संध्याकाळी आतल्या रस्त्याने पडघ्याला आलो. वाटेत गोदामं, ट्रकच्या रांगा, आणि मध्येच हिरवंगार भात. पडघ्यात लॉज सातशेला मिळाला, चादरी स्वच्छ, गरम पाणी मागितल्यावर. बाजारात भजी खा, हायवेवरच्या हॉटेलात जाऊ नका, तिथे तेच दुप्पट किमतीला.

दुसऱ्या दिवशी दहाला रिसॉर्ट. नाव लिहीत नाही, जाहिरात होईल. चहा ऐंशी रुपये. जेवणाच्या मांडवात छताला बारा अर्धी घरटी, प्रत्येकात पिवळा बल्ब. एक मुलगी पाहुण्यांना सांगत होती, "ही सुगरण मादीने प्रेमाने विणलेली, जुनी, रिकामी घरटी आहेत."

मी आरसाकाठी वर केली. एकेकाच्या आतून बघितलं. जुनं घरटं बदामी होतं. ही आतून अजून पोपटी होती. नवव्या घरट्याच्या कडेत चार धागे दिसले, चहाच्या रंगाचे. माझं सूत मला कळतं.

त्या मुलीला मी शांतपणे सांगितलं, की यातलं एकही मादीने विणलेलं नाही आणि एकही जुनं नाही. तिने मॅनेजरला बोलावलं. पराग नावाचा पस्तिशीचा माणूस, बोलायला गोड.

"दादा, म्हणजे तुम्हीच ते? भिवंडीवाले? अहो, मी तुमचा ब्लॉग पूर्ण वाचलाय. काय लिहिता. आमचा ड्रायव्हर कधी एका पत्त्यावर सरळ पोचत नाही, तुमचं वाचून गेला तर एक वळण चुकला नाही."

अन्सारीभाई मध्ये पडले. "मास्टर के नाम से झूठ बोल के लाए हो."

"तसं बोलावं लागतं हो काका. ती मावशी तोडूच देईना." तो माझ्याकडे वळला. "पण रिकामीच होती ना? अंडी नव्हती, पिल्लं नव्हती. पूर्ण झालेल्यांना आम्ही हातसुद्धा लावला नाही. आम्हालाही निसर्गाचं प्रेम आहे."

मी म्हणालो, "घरटं विस्कटणं कायद्यात शिकारीतच धरतात. आणि रिकामी नव्हती. प्रत्येकाखाली एक नर उत्तराची वाट बघत होता."

"बघा, हीच गोष्ट," तो म्हणाला. "हीच आमच्या पाहुण्यांना हवी. प्रेम, लग्न, घर. डिसेंबरमध्ये आमच्याकडे लग्नांची रांग आहे. बारा घरट्यांत काय होतंय?" मग त्याने खुर्ची ओढली आणि वहीचं काढलं. वहीबद्दलही मीच लिहिलं होतं, पानांच्या संख्येसकट. त्याने एक आकडा सांगितला. तो शेवटी लिहितो.

बाहेर गाडीपाशी अन्सारीभाईंनी विचारलं, "सच बोलो मास्टर. एक मिनट सोचा?"

सोचा. खोटं कशाला लिहू. माझ्या वर्कशॉपला लेथ नाही. एक शाफ्ट कातायचा तर दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं, वीस वर्षं. त्या आकड्यात सेकंडहँड लेथ येते, मोटरसकट.

दुपारी तीनला घरी. बायकोने सगळं ऐकून घेतलं, चहा ठेवला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही इतकं बारीक लिहिता की चोराला रस्ता विचारावा लागत नाही. हे मी मागच्याच वर्षी म्हटलं होतं."

म्हटलं होतं. मी तेव्हा ती एकेचाळिसावी प्रतिक्रिया वाचून दाखवत होतो.

त्या रात्री जेवायच्या आधी जुन्या पोस्टमधून विहिरीचा पत्ता काढला. मग दुसऱ्या पोस्टमधून दुसऱ्या विहिरीचा. चौदा ठिकाणं काढली. दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या कार्यालयात अर्ज दिला, फोटो जोडले, पोच घेतली, नंबर जपून ठेवलाय. ज्यांना सुगरण बघायची आहे त्यांनी आपापल्या गावाजवळची पाण्यावर झुकलेली काटेरी झाडं जुलैपासून बघत राहावीत, मिळेल. मिळाली की माझ्यासारखं करू नका. रंग लिहा, आवाज लिहा, मादी कशी ओढून बघते ते लिहा. वळण लिहू नका.

अकरा दिवसांनी पुन्हा विहिरीवर गेलो. जानकीमावशींनी झाडाखाली काटेरी फांद्यांचा गोल ढीग रचला होता, कमरेइतका उंच, बुंध्यापासून काठापर्यंत. आता माणूस चढणार नाही, मांजर नाही, साप नाही. मला म्हणाल्या, "पानी न्हाय तं काटं हायेत." बारा नरांपैकी पाच परतले होते. नंबर सातच्या घुमटाच्या आडव्या पट्टीवर एक मादी बसली होती. तिने डावीकडचं एक पातं ओढलं. मग उजवीकडचं. मी घड्याळ लावलं होतं, सहा मिनिटं ओढत होती. उडून गेली, आणि परत आली, चोचीत मऊ गवताचं तूस घेऊन. सातने अंड्यांच्या खोलीचं पहिलं पातं वळवलं. वहीत वेळ लिहिली: आठ वाजून बावीस.

पत्ता गाळला, पण आकडा गाळायला मला जमत नाही. परागला मूळ वही नको होती. पानांची झेरॉक्स काढायची, तासाभरात वही परत, कुठे नाव येणार नाही, पैसे रोख. मी नाही म्हणालो. पंचाहत्तर हजार रुपये.